शुद्ध पाठाच्या शोधात लिओनाईन आयोग

पोप लिओ तेरावे यांनी ४ ऑगस्ट १८७९ रोजी 'एतेर्नी पात्रिस' हे परिपत्र काढले आणि कॅथलिक विद्यापीठांनी, सेमिनरींनी संत थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानाची कास पुन्हा धरावी, असे आवाहन केले. देकार्त आणि कान्ट यांना पचवून बसलेल्या युरोपात तेराव्या शतकातल्या डोमिनिकन गुरूला परत अध्यासनावर बसवायचे, हे धाडसच होते. पण थॉमस वाचायचे कुठल्या प्रतीतून? छापील आवृत्त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुका साचल्या होत्या. म्हणून १८ जानेवारी १८८० रोजी लिओंनी आणखी एक आदेश दिला: थॉमस यांचे समग्र ग्रंथ हस्तलिखितांशी ताडून नव्याने छापावेत. त्यातूनच लिओनाईन आयोग उभा राहिला.

कार्डिनल झिल्यारा यांच्या देखरेखीखाली १८८२ मध्ये पहिला खंड आला. त्यात ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथांवरील भाष्ये होती. पोपना मात्र वर्गात शिकवायला 'सुम्मा थिओलॉजिए' लवकर हवा होता, म्हणून इतर ग्रंथ मागे ठेवून तोच हाती घेतला गेला. १८८८ ते १९०६ या काळात त्याचे नऊ खंड निघाले. संपादकांनी मुख्यतः हाताशी असलेल्या व्हॅटिकनमधल्या प्रतींवर भिस्त ठेवली. विद्यार्थ्यांची सोय झाली, तरी पाठनिश्चितीचे काम अर्धवट राहिले.

आयोगाचा खरा कस लागला तो 'सुम्मा कॉन्त्रा जेन्तिलेस'च्या वेळी. व्हॅटिकन ग्रंथालयातल्या ९८५० क्रमांकाच्या लॅटिन हस्तलिखितात या ग्रंथाची थॉमस यांच्या स्वतःच्या हातची पाने आहेत. अक्षर इतके घाईचे आणि संक्षेपांनी भरलेले, की ते न वाचता येणारे म्हणूनच प्रसिद्ध होते. जागोजागी खाडाखोड आहे. परिच्छेद लिहून काढलेले, काट मारलेले, पुन्हा लिहिलेले. पाठ्यपुस्तकांनी थॉमस यांची ठाम सूत्रांची यादी करून टाकली होती. या पानांवर विचार करता करता अडणारा, मागे फिरणारा माणूस दिसतो. माझ्या मते थॉमस यांच्याकडे परतण्याच्या या स्कोलॅस्टिक पुनरुज्जीवनाने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. १९१८ ते १९३० या काळात या ग्रंथाचे तीन खंड प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कामाला नवी शिस्त आली. युरोपभरच्या ग्रंथालयांतल्या प्रती ताडायच्या, असे ठरले. तेव्हा मध्ययुगीन पॅरिसमधली ग्रंथविक्रेत्यांची पद्धत नीट समजून घ्यावी लागली. विक्रेता मूळ प्रत न बांधता सुट्या जुड्यांत ठेवी. अशा जुडीला 'पेशिया' म्हणत. नकलाकार एकेक जुडी भाड्याने नेई, उतरवून घेई, परत करी आणि पुढची मागे. एखादी जुडी झिजली की तिच्या जागी दुसरी येई. त्यामुळे एकाच हस्तलिखिताची काही पाने एका मूळ प्रतीवरून, तर पुढची दुसऱ्याच प्रतीवरून उतरलेली असू शकतात. म्हणजे 'ही प्रत चांगली' असे सरसकट म्हणून भागत नाही. जुडीगणिक पारख करावी लागते.

या चिकाटीतून रने-अँत्वान गोतिए यांनी संपादित केलेले ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरचे भाष्य १९६९ मध्ये, तर त्याच्याच 'आत्म्याविषयी' या ग्रंथावरचे भाष्य १९८४ मध्ये आले. सत्यावरील प्रश्नांच्या ग्रंथासाठी आंत्वान दोंदेन यांना थॉमस यांनी लेखनिकाला सांगून लिहवून घेतलेली प्रतच व्हॅटिकनमध्ये ओळखता आली. आणि १९८९ मध्ये गोतिए यांनी १८८२ चा पहिला खंडच नव्याने संपादित केला. शंभर वर्षांपूर्वीचे आपलेच काम पुन्हा पायापासून तपासण्याची ही वृत्ती मला फार आदरणीय वाटते.

आयोगाचे काम आता पॅरिसमध्ये चालते. पीटर लोंबार्ड यांच्या 'सेन्तेन्सिए'वर थॉमस यांनी तरुणपणी लिहिलेल्या अवाढव्य भाष्याचे संपादन हा त्यातला मोठा भाग आहे. त्यातल्या तिसऱ्या पुस्तकाची थॉमस यांच्या हातची पाने व्हॅटिकनमधल्याच ९८५१ क्रमांकाच्या लॅटिन हस्तलिखितात आहेत.