गटाच्या संगणकातली सगळ्यांची प्रणाली

धारूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज एका अशा वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, जी जगभरातल्या हजारो माणसांनी मिळून केली आणि जिची मालकी कुणा एकाकडे नाही.

आमच्या गटाला एक जुना संगणक मिळाला होता. सीताफळाच्या हंगामाचा हिशोब, अंतर्गत कर्जाच्या नोंदी, मासिक सभेचं इतिवृत्त, सगळं त्यावर ठेवायचं ठरलं. त्याचं कारण असं की दसरा झाला की आमच्यातल्या कितीतरी जणी ऊसतोडीला जातात. वही एकीच्या घरी, सचिव दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात, असं दरवर्षी व्हायचं. पण दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, यातली प्रणाली जुनी झाली, नवी विकत घ्यावी लागेल आणि ती या यंत्राला झेपायची नाही. त्यातच टायपिंगच्या दुकानातून करून घेतलेले आमचे जुने ठराव उघडून पाहिले, तर पडद्यावर मराठी नाहीच, नुसता इंग्रजी अक्षरांचा काला.

मग गटातल्या एका ताईंची कॉलेजात शिकणारी मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. म्हणाली, “काकू, ही लिनक्स टाकून बघू. पैसे लागत नाहीत.” आम्हाला शंका आली. फुकटात देणाराचा काहीतरी डाव असतो, हे आम्ही पतपेढ्यांच्या आणि चिठ्ठी-भिशीच्या अनुभवातून शिकलोय. म्हणून आम्ही आधी विचारलं, ही केली कुणी आणि देतात का?

आधी प्रणाली म्हणजे काय ते पाहू. लग्नघरात आचारी, वाढपी, पाणी देणारे, सगळे असतात. पण कुणी कधी काय करायचं हे सांगणारा कारभारी नसेल तर पंगत उठत नाही. संगणकातला तो कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. कळफलक, पडदा, प्रिंटर, साठवण, सगळ्यांना तीच कामाला लावते.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. तिथं रिचर्ड स्टॉलमन नावाचे संगणकतज्ज्ञ काम करत. प्रयोगशाळेत नवा प्रिंटर आला. तो सारखा अडकायचा. दुरुस्ती करता आली असती, पण त्याच्या आज्ञावलीची मूळ संहिता द्यायला कुणी तयार नव्हतं. आपलीच वस्तू, आपल्याला येणारी दुरुस्ती, तरी हात लावायची सोय नाही! हा सल त्यांच्या मनात राहिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जाहीर केलं की आपण एक मुक्त प्रणाली तयार करणार. तिचं नाव ग्नू.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, त्यामुळे स्टॉलमन यांना आयुष्यभर खुलासा करत बसावं लागलं. आपल्या मराठीत तो घोळ नाही. फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. मुक्त म्हणजे वापरा, आत काय आहे ते पाहा, बदला आणि दुसऱ्याला द्या. जात्यावरच्या ओवीसारखंच. एकीनं म्हटली, दुसरीनं त्यात आपल्या भावाचं नाव घातलं, तिसरीनं आपल्या गावचं. कुणी परवानगी मागितली नाही.

ग्नूचे बरेच भाग तयार झाले, पण मधला गाभा राहिला होता. १९९१ मध्ये फिनलंड देशातल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं हौसेखातर असा गाभा लिहिला. तो लिनक्स. १९९२ मध्ये त्यानं तो ग्नूच्याच परवान्याखाली दिला. त्या परवान्याची अट आपल्या गटाच्या नियमासारखी पक्की आहे: सुधारून पुढे वाटलंत, तर सुधारणा सगळ्यांसाठी खुली ठेवायची. घेतलं तसं द्यायचं.

मग १९९३ मध्ये इयान मर्डॉक या विद्यार्थ्यानं हे भाग एकत्र बांधून डेबियन नावाची पूर्ण प्रणाली सुरू केली. त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयान, या दोन नावांचं मिळून डेबियन. तिथं आजही जगभरचे सभासद दरवर्षी मतदान करून प्रमुख निवडतात. हे ऐकून आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, “म्हणजे हा आपल्यासारखाच गट की!”

पण मैत्रिणींनो, ही सगळी गंमत इंग्रजीतली. आमच्या ठरावांचा काला का झाला, ते यातच आहे. जुन्या टंकांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. तो टंक दुसऱ्या यंत्रावर नसला की चित्र जायचं आणि खालचं इंग्रजी उघडं पडायचं. युनिकोडनं यावर उपाय केला. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘अ’ म्हणजे २३०९, ‘क’ म्हणजे २३२५, मग यंत्र धारूरचं असो की लंडनचं. तरीही ‘ॲडव्हान्स’मधला आपला ‘ॲ’ त्या यादीत यायला २००८ साल उजाडलं. कोयत्याला उचल घेणाऱ्या आमच्या बायांच्या तोंडात हा शब्द केव्हाचाच होता!

मुक्त प्रणालीत भारतीय भाषा आणण्यासाठी २००० च्या सुमारास मुंबईत इंडलिनक्स हा गट कामाला लागला. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीनं लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे टंक सर्वांसाठी खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. मराठी भाषांतर मात्र आपोआप झालं नाही. पडद्यावरचं एकेक वाक्य माणसांनी बसून मराठीत लिहिलं. ‘सेव्ह’ला काय म्हणायचं, ‘फाइल’ फाइलच ठेवायची का, असं ठरवत. त्यातले कितीतरी जण दिवसभराची नोकरी सांभाळून हे करत.

सरकारच्या सी-डॅक संस्थेनंही डेबियनवर आधारलेली प्रणाली केली. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या या प्रणालीचं नाव भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, म्हणजे बॉस. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

आता आमचा अनुभव. जुना संगणक चालू झाला. हिशोबासाठी त्यात लिब्रेऑफिस आहे, तेही मुक्त आणि मराठीत मिळणारं. सगळंच सोपं गेलं असं नाही. आमचा प्रिंटर आठवडाभर रुसला होता. बाजारातली काही हिशोबाची सॉफ्टवेअरं यावर सरळ चालत नाहीत. काही ठिकाणी मराठी मध्येच थांबते आणि इंग्रजी सुरू होते, कारण तेवढं वाक्य अजून कुणी लिहिलेलं नाही. ते लिहायला इंजिनिअरच लागतो असंही नाही. चांगली मराठी येणारी आपली एखादी लेक ते करू शकते.

जुने ठराव आम्ही कागदावरून पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केले. दोन महिने लागले. ज्यांचे कागद हरवले होते, ते ठराव गेले ते गेलेच. त्यात एका ताईंच्या कर्जफेडीची नोंद होती. ताईंनी पैसे भरले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून निभावलं. पण उद्या सगळ्या जणी फडावर असताना कुणी विचारलं असतं तर?

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटाचं काम संगणकावर असेल तर पुढच्या मासिक सभेत तीन गोष्टी विचारा. आपलं मराठी युनिकोडमध्ये आहे का? दुसऱ्या यंत्रावर उघडतं का? आणि जुना संगणक भंगारात घालायच्या आधी त्यावर मुक्त प्रणाली चालवून पाहिली का? गटाची वही आपली असते. ती वाचण्याची किल्लीही आपल्याच पदराला हवी.