दूरचित्रवाणी आणि संगीताचा मंडप

मोठा संगीत महोत्सव ही मराठवाड्यातील सामान्य रसिकाला फार काळ केवळ ऐकून ठाऊक असलेली गोष्ट होती. पं. भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू केला, तेव्हा नांदेड हा हैदराबाद राज्यातील एक जिल्हा होता आणि लातूर हे त्याच राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी गाव. पुण्याच्या मंडपात रात्र जागवून पहाटेचे राग ऐकणे इकडच्या किती जणांस शक्य होते? त्यांची तहान काही अंशी भागविली ती आकाशवाणीने. १९५४ साली सुरू झालेल्या आकाशवाणी संगीत संमेलनामुळे निमंत्रित श्रोत्यांसमोर रंगलेली मैफल दूरच्या घरांत ऐकू येऊ लागली.

दूरचित्रवाणीला मराठवाड्यात पोहोचण्यास मात्र विलंब लागला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचा प्रयोग झाला. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातील खेड्यांना त्याचा लाभ मिळाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. ऑगस्ट १९८२ मध्ये रंगीत चित्र आणि देशव्यापी कार्यक्रम सुरू झाले. योगायोग असा की, लातूर हा स्वतंत्र जिल्हाही त्याच महिन्यात जन्मास आला. पुढे १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारले गेले आणि लहान शहरांतील घरांच्या छपरांवर अँटेना दिसू लागल्या.

या माध्यमाचे ऋण आम्ही प्रथम मान्य करू. १५ ऑगस्ट १९८८ रोजी ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे गीत दूरदर्शनवर आले. त्याचा आरंभ भीमसेनजींच्या स्वराने होतो. ज्यांनी कधी मैफलीत पाऊल ठेवले नव्हते, त्यांनाही त्या स्वरामागचा चेहरा ओळखीचा झाला. शेकडो मैलांचे अंतर आणि तिकिटाची ऐपत या दोन भिंती पडद्याने ओलांडल्या.

परंतु पडदा जे देतो, त्याचे मोलही घेतो. विलंबित ख्याल उलगडावयास पाऊण तास लागतो. प्रक्षेपणाचे वेळापत्रक तेवढा धीर धरीत नाही. मंडपातील श्रोता गायकाला दाद देतो आणि त्या दादेने गायक पुढची जागा शोधतो. घरातील प्रेक्षकाची दाद त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

याचे दोन निराळे परिणाम जगात दिसून आले. इटलीतील सानरेमो गीतमहोत्सव १९५१ साली नभोवाणीसाठी सुरू झाला आणि १९५५ पासून दूरचित्रवाणीवर आला. पुढे तो इतका पडद्याचा झाला की, घरी बसलेला प्रेक्षक हाच त्याचा खरा श्रोता ठरला. इंग्लंडमधील ग्लास्टनबरीचा महोत्सव १९७० साली एका शेतात सुरू झाला आणि त्याचे प्रक्षेपण १९९४ साली आरंभले. तेथील गर्दी मात्र ओसरली नाही. कॅमेरा आला, पण शेत शेतच राहिले.

आपल्याकडे तिसरीच गोष्ट घडली. १९९५ साली ‘सारेगामा’ ही स्पर्धा सुरू झाली आणि गाण्याला परीक्षक व गुण चिकटले. २००८-०९ च्या मराठी ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये लातूरचा रोहित राऊत अंतिम पाचांत पोहोचला. लातूरकरांना त्याचा अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. जिल्ह्याच्या गावातील मुलाला एवढे मोठे व्यासपीठ पूर्वी कोणी दिले असते? तथापि, याच नांदेडात अण्णासाहेब गुंजकर यांच्यापाशी नाथराव नेरळकर (१९३५-२०२१) वर्षानुवर्षे शिकले, तेव्हा समोर कॅमेरा नव्हता. अशा साधनेला पडद्यावर जागा मिळणे कठीण असते, आणि एकदा पडद्यावरचा चेहरा हीच मोठेपणाची खूण ठरली की, गावातल्या गायकाला गावच्याच मंडपात जागा उरत नाही. आमच्या मते खरी हानी ती ही.

सारा दोष दूरचित्रवाणीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रात्रभराच्या मैफली आटल्या, त्यास २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर आलेले निर्बंध कारणीभूत आहेत. मध्यरात्रीचा मालकंस कायद्याने गेला, कॅमेऱ्याने नव्हे.

समाधानाची बाब ही की, मराठवाड्याने आपले मंडप उभे केले. लातूरजवळच्या अंबाजोगाईत यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात संगीत सभा होते. नांदेडला शंकरराव चव्हाण यांच्या स्मृत्यर्थ ‘संगीत शंकर दरबार’ भरत आला आहे. पुण्यास न जाता मोठे कलावंत समोर बसून ऐकण्याची सोय त्यामुळे झाली. अशा प्रत्येक महोत्सवात एक सभा तरी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी राखावी, असे आम्हांस वाटते. प्रक्षेपण खुशाल व्हावे. मात्र कॅमेऱ्याने मैफलीच्या वेळेस यावे, मैफलीने कॅमेऱ्याच्या वेळेस नव्हे. आणि वाचकहो, मंडप घराजवळ असेल त्या संध्याकाळी दूरचित्रवाणी संच बंद करून मुलांना सोबत न्यावे. गायकाला गावात ऐकणारे कान हवेत, आणि ते आपल्याच घरांतून यावयाचे आहेत.