अनंत भालेराव : संपादकाने लिहिलेला इतिहास

स्वातंत्र्य कधी मिळाले, असे विचारले तर शाळकरी मूलही १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख सांगते. मराठवाड्यातल्या नव्वदी ओलांडलेल्या एखाद्या आजोबांना हाच प्रश्न विचारला, तर ते मात्र उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतील. त्या दिवशी नगर, नाशिक, सोलापूरला तिरंगा फडकला. पण गोदावरी ओलांडून वैजापूर-गंगापूरकडे गेले की निजामाची हद्द लागे आणि तिथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता. हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांनी त्या दिवशी झेंडा फडकावला आणि त्यांना अटक झाली. निजामाची राजवट संपली ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मधल्या तेरा महिन्यांत काय घडले, हे मराठी वाचकांपुढे सलगपणे मांडणाऱ्यांत एक ठळक नाव आहे अनंत भालेराव यांचे.

अनंतराव मूळचे वैजापूर तालुक्यातले. जन्म १९१९ चा, निधन १९९१ सालचे. त्यांचे तरुणपण ज्या राज्यात गेले, त्याचे सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. राज्यकारभार मात्र उर्दूत चाले. ‘गश्ती निशाण ५३’ नावाच्या फर्मानामुळे साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागे. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ती स्थापन होता होताच. अशा वातावरणात वाढलेली जी पिढी स्वामीजींच्या आणि गोविंदभाई श्रॉफांच्या मागे उभी राहिली, तिच्यातलेच हे एक कार्यकर्ते. आधी लढा आणि मग लेखणी, असा त्यांचा क्रम होता.

‘मराठवाडा’ या वृत्तपत्राची गोष्टही अशीच आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये हे साप्ताहिक काढले ते निजामी मुलखाबाहेर, पुण्याहून. बंदी आली की नाव बदलायचे आणि अंक पुन्हा सीमेपलीकडे धाडायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्या काळात पत्रकाराच्या जिवाचीही शाश्वती नव्हती. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. निजामाविरुद्धच्या लढ्याकडे धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

मुक्तीनंतर ‘मराठवाडा’ची सूत्रे अनंतरावांकडे आली आणि हे पत्र पुढे दैनिक झाले. १९५३ च्या नागपूर कराराने मागास भागांना आश्वासने दिली होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला, तो कसलीही अट न घालता. मग रुळांचे काय, पाण्याचे काय, नोकऱ्यांचे काय, हे प्रश्न हे पत्र वर्षानुवर्षे विचारत राहिले. १९७४ च्या विकास आंदोलनामागेही हीच तक्रार होती. आणीबाणी आली तेव्हा अनंतराव तुरुंगात गेले. निजामाशी झगडलेल्या माणसाला स्वतंत्र देशातही गजाआड जावे लागले!

अग्रलेखाचे आयुष्य एका दिवसाचे. सकाळी चर्चा, संध्याकाळी रद्दी. अनंतरावांना हे पक्के ठाऊक असणार. म्हणूनच ते पुस्तकांकडे वळले, असे मला वाटते. ‘मांदियाळी’मध्ये त्यांनी आपल्या भागातल्या माणसांची शब्दचित्रे रेखाटली. ‘पेटलेले दिवस’मध्ये लढ्याच्या आठवणी लिहिल्या. आणि वयाची पासष्टी उलटल्यावर, १९८७ मध्ये, ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ दिला.

हे काम सोपे नव्हते. भूमिगत लढ्याची कागदपत्रे नसतात. जो कागद पोलिसांच्या हाती लागू शकतो, तो कार्यकर्ता ठेवतच नाही. सरकारी दप्तरे होती ती हैदराबादेत आणि बरीचशी उर्दूत. देशाचा इतिहास लिहिणारे सत्तेचाळीसपाशी थांबत, त्यामुळे अठ्ठेचाळीसचा लढा तळटीपेत जाई. उरली होती ती माणसांची स्मृती, आणि माणसे तर एकेक करून जात होती. ज्याने चळवळ आतून पाहिली आणि पुढे पस्तीस-चाळीस वर्षे त्याच गावांच्या बातम्या छापल्या, अशा संपादकाने हे काम केले नसते तर बऱ्याच गोष्टी स्मशानातच गेल्या असत्या.

पण ज्याने लढा दिला त्यानेच त्याचा इतिहास लिहावा का? हा प्रश्न टाळता येणार नाही. आतून पाहणाऱ्याला जे दिसते ते बाहेरच्याला दिसत नाही. तसे आतल्याच्या नजरेतून काही सुटतेही. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्यात, मराठवाड्याच्या जिल्ह्यांतही, मुसलमानांच्या कत्तली झाल्या. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने बळींचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल सरकारने कितीतरी वर्षे दडवून ठेवला आणि १९८७ मध्येही तो प्रसिद्ध झालेला नव्हता. मुक्तीचा इतिहास आज वाचताना हे पान त्याला जोडूनच वाचावे लागते.

दुसरी गोष्ट नामांतराची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर गावोगावी दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, तिथल्याच विद्यापीठासाठी हे घडले. या वादात ‘मराठवाडा’ दैनिक नामांतराच्या विरोधात उभे राहिले. ‘मराठवाडा’ हे नाव लढ्यातून मिळाले आहे, ते जाऊ नये, ही त्यामागची भावना. पण ज्यांची घरे जळत होती त्यांना या युक्तिवादाने काय दिलासा मिळणार होता? १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्तार झाला. तो पाहायला अनंतराव नव्हते.

मग या माणसाकडे कसे पाहायचे? मला वाटते, त्यांच्या लेखनाचे आणि त्यांच्या चुकीचे मूळ एकच आहे. आपल्या दुर्लक्षित प्रदेशाविषयीचे विलक्षण प्रेम. त्या प्रेमानेच त्यांना दुसरे कुणी लिहीत नव्हते ते लिहायला लावले. आणि त्याच प्रदेशात, आपल्याच शेजारी, आणखी दुर्लक्षित माणसे आहेत हे ऐन वेळी त्याच प्रेमाने दिसू दिले नाही. त्यांचे ऋण मान्य करताना हेही मोकळेपणाने म्हणावे. संपादकाला त्याहून वेगळा आदर नको असतो.

‘मराठवाडा’ दैनिक पुढे बंद पडले. त्या वेळच्या औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते, भाषणे होतात. त्या दिवशी गावातल्या वाचनालयात जाऊन अनंतरावांचे पुस्तक काढावे. आणि घरात कुणी आजी-आजोबा असतील तर शेजारी बसून विचारावे, ‘त्या वर्षी आपल्या गावात काय झाले होते?’ जे सांगतील ते लिहून ठेवावे, अभिमान वाटेल ते आणि मान खाली जाईल तेही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)