ओझे कोणी ओढायचे? बोरघाटाची अडीचशे वर्षे आणि शिरगावकरांचा एक व्यवहारी प्रश्न

१/ मावळातील शिरगावात आज कोणी मालवाहू पिकअप घ्यायला निघाले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "घाट चढेल ना?" प्रश्न रास्त आहे, कारण पवना खोऱ्यातून मुंबईची बाजारपेठ गाठायची तर वाटेत बोरघाट लागतोच. परंतु या घाटाचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो प्रश्न अपुरा वाटू लागतो. ओझे वाहण्याची व्यवस्था फसल्यामुळे एक फौज याच परिसरात जेरीस आली, आणि ओढणाऱ्याची निवड नेमकी ठरल्यामुळे एक यंत्र सुमारे सहा दशके टिकले. त्याची ही हकिकत. #धागा

२/ प्रथम भूगोल ध्यानात घेऊ. पायथ्याचे खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ७० मीटरच्या आसपास, तर माथ्यावरचे लोणावळे ६०० मीटरहून अधिक उंचीवर. त्यात लोणावळ्याचा पाऊस वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरच्या घरात. म्हणजे उभा चढ, ओली वाट आणि मधेच अंगावर येणारे धुके. येथे ओझे ओढणाऱ्याला ताकद तर हवीच; शिवाय पकड हवी, दम हवा आणि उतरताना स्वतःला आवरण्याची शक्ती हवी.

३/ चाकांपूर्वी सह्याद्रीच्या वाटांवर ओझे वाहिले ते बैलांच्या पाठीने. बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन घाट चढत-उतरत. बैल निवडतानाही वेग आणि टिकाऊपणा यांचा हिशेब असे. माणदेश-सोलापूरकडील खिलार चपळ आणि वेगवान. पण इगतपुरी-अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यातील डांगी बैल संथ असूनही मुसळधार पावसात काम करणारा. त्याच्या कातडीवरील तेलकट स्राव पावसापासून त्याचे रक्षण करतो, आणि काळे टणक खूर खडकाळ वाटेवर लवकर झिजत नाहीत. 'गाडी कोणती चांगली' याचे उत्तर 'कोणत्या वाटेसाठी' यावर अवलंबून असते, हे मोटार येण्याच्या कितीतरी आधी आपल्या शेतकऱ्याला ठाऊक होते.

४/ आता १७७८ च्या अखेरीस या. रघुनाथरावांना पुण्यात सत्तेवर बसवण्याच्या हेतूने मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढू लागली. लढणारी माणसे ४,००० च्या आत. त्यांचे सामान वाहणारे बैल मात्र सुमारे १९,०००. एका शिपायामागे जवळजवळ पाच बैल! तोफा, दारूगोळा, तंबू, धान्य, साहेबांचा लवाजमा असे सारे काही बरोबर होते.

५/ ही फौज घाट चढली. 'चढेल ना?' या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच होते. खरी अडचण माथ्यावर आल्यानंतर सुरू झाली. खंडाळ्यापासून तळेगाव सुमारे ३५ किलोमीटर. एवढ्या सामानासह ही फौज अक्षरशः मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि मराठी स्वारांच्या टोळ्या तिचे लचके तोडत होत्या. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी आजही असलेला 'इष्टुर फाकडा', ठार झाला. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोहोचली, तेव्हा मराठ्यांनी ते गाव आधीच जाळून टाकले होते. दाणा नाही, वैरण नाही.

६/ तळेगाव शिरगावहून अगदी जवळ. तेथील तळ्याच्या काठी ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी माघारीचा निर्णय घेतला. इतक्या कष्टाने घाट चढवून आणलेल्या जड तोफा तळ्यात लोटल्या, साठा पेटवून दिला. तरीही वडगावला त्यांना गाठून घेरण्यात आले आणि नामुष्कीचा तह करावा लागला. या विजयाचे श्रेय महादजी शिंदे, नाना फडणीस आणि हरिपंत फडके यांच्या डावपेचांना आहेच. तथापि त्या डावपेचांनी नेमके मर्म पकडले होते : जी फौज स्वतःच्या ओझ्यासकट मागे फिरू शकत नाही, तिला अडवण्याचीही गरज नसते, तिला फक्त पुढे येऊ द्यायचे असते.

७/ पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांनी या घाटाचा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी बांधीव रस्ता खुला झाला. येथे बैल तेच राहिले, वाट बदलली. पाठीवर गोण्या वाहणारे दोन बैल जेवढे नेतात, त्याच्या कित्येक पट माल तीच जोडी गाडीला जुंपल्यावर ओढते. ओढणारा बदलण्यापूर्वी वाट आणि जोडणी पाहावी, हा या घाटाचा दुसरा धडा.

८/ मग आगगाडी आली. १८५६ मध्ये लोहमार्ग पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र मोकळाच होता. प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीने, तट्टावर किंवा बैलगाडीने खंडाळा गाठत. वरच्या मार्गाचा खालच्या मार्गाशी सांधा नव्हता, तेव्हा पुण्याकडे धावणारी पहिली इंजिने आणि डबे घाटरस्त्यानेच वर आणणे भाग होते. जगातील सर्वांत आधुनिक ओढणाऱ्यालाही प्रथम स्वतःला ओढून घ्यावे लागले, ते असे.

९/ घाटातील मार्गाची आखणी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांची. काम १८५६ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन अल्पावधीतच आजाराने मरण पावले. त्यांची पत्नी ॲलिस हिने ठेका स्वतःकडे घेऊन काम तडीस नेले. १८६१ च्या सुमारास येथे ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतील हजारो दगावले. त्यांची नावे कोणत्याही बोगद्यावर कोरलेली नाहीत. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला : लांबी सुमारे २५ किलोमीटर, चढण सुमारे ५५८ मीटर, २५ बोगदे.

१०/ या मार्गावरील सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. हिशेब सोपा आहे : ३७० टनांची गाडी या चढावर १० टनांच्या जोराने मागे खेचली जाते. हा जोर पेलायला इंजिनात वाफ असून भागत नाही. ओढणारी चाके रुळावर घट्ट रुतून राहायला हवीत. म्हणून घाटासाठी वेगळी इंजिने आणली गेली. पाण्याची टाकी मागे वेगळ्या डब्यात न ठेवता इंजिनाच्याच पाठीवर खोगिरासारखी बसवली. पाण्याचे वजन चालणाऱ्या चाकांवर पडले आणि पकड वाढली.

११/ त्याहून महत्त्वाची होती उतरण्याची तजवीज. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला विलायतेत प्रचंड मागणी होती. देशावरून येणारा हा माल घाट उतरून बंदरावर जाणार होता, तेव्हा उतारावर आवरणे हे चढण्याइतकेच मोठे काम होते. घाटाच्या इंजिनांना चाकांवरील ब्रेकखेरीज थेट रुळावर दाबला जाणारा घसरपट्टीचा ब्रेक होता. खंडाळ्याजवळ तर गाडी एका बंद टोकाच्या स्थानकात जाई, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढची वाट धरी. अशा नागमोडी आखणीने चढ आवाक्यात ठेवला होता.

१२/ टिकाऊपणाचा धडा मात्र कठोर होता. घाटातील एक मोठा दगडी पूल १८६७ च्या पावसाळ्यात, म्हणजे मार्ग सुरू झाल्यावर अवघ्या चार वर्षांत, कोसळला. दर्शनी दगड देखणे होते. आतील भरावाचे काम निकृष्ट होते. नव्या वस्तूची परीक्षा पहिल्या दिवशी होत नसते. सह्याद्रीत ती चार-पाच पावसाळ्यांनंतर होते.

१३/ १९२९ मध्ये या मार्गावर वीज आली आणि उलट फिरण्याचे ते स्थानकही नव्या आखणीमुळे इतिहासजमा झाले. मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेली ४१ विद्युत इंजिने आणली गेली. युरोपीय लोक या घडणीला 'मगर' म्हणत. आपल्या कामगारांनी तिचे नाव ठेवले 'खेकडा'. वजन सुमारे १२३ टन, ताकद सुमारे २,६०० अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी केवळ ८० किलोमीटर. वेगाचा सोस येथे जाणूनबुजून सोडलेला होता.

१४/ खेकड्याची खरी करामत उतारावर दिसे. गाडी उतरताना त्याच्या मोटारी जनित्रासारख्या फिरत, वीज निर्माण करत आणि ती तारेत परत सोडत. उतरणाऱ्याचे ओझे चढणाऱ्याच्या कामी येई, आणि ब्रेकचे ठोकळे झिजण्यापासून वाचत. ही इंजिने सुमारे सहा दशके कामात राहिली. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहता येते. दीर्घायुष्याचे रहस्य एवढेच : कामाला साजेसा वेग आणि स्वतःचीच झीज कमी करणारी उतरण्याची रीत.

१५/ आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. ती ओढत नाहीत, ढकलतात. कारण असे की सारा भार पुढून ओढला, तर डब्यांच्या जोडण्यांवर असह्य ताण येतो. शिवाय जोडणी तुटली तर मागचे डबे उताराला लागतात. घाट उतरताना गाडीला ठरलेल्या जागी थांबूनच पुढे जावे लागते. ती थांबली नाही, तर तिला चढाच्या बाजूमार्गावर वळवून थोपवण्याची सोय केलेली आहे. म्हणजे ब्रेक निकामी होऊ शकतात, हे गृहीत धरूनच रेल्वेने घाट आखला आहे.

१६/ आता रस्त्यावर येऊ. टेल्को ही कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली ती रेल्वे इंजिने बांधण्यासाठी; १९५४ पासून तिने जर्मन सहकार्याने ट्रक बनवायला घेतले. पुढे तिचा कारखाना पिंपरीला, शिरगावपासून तासाभराच्या आत, उभा राहिला. १९८६ मध्ये 'टाटा ४०७' आली आणि १९८८ मध्ये 'टाटामोबाइल २०६' ही पिकअप. चाकणच्या पट्ट्यातही आता वाहनांचे कारखाने आहेत. एके काळी घाटातून यंत्रे वर चढवावी लागत. आज ती माथ्यावरच तयार होतात.

१७/ यातील ४०७ चे उदाहरण बोलके आहे. तिचे रूप काळानुसार बदलले. पण भक्कम चासी, मागे पोलादी पाटे, कमी फेऱ्यांवर जोर देणारे डिझेल इंजिन आणि गावोगावी मिळणारा मिस्त्री व सुटे भाग, या गोष्टींमुळे ती दशकानुदशके विकली गेली. डांगी बैल आणि खेकडा इंजिन यांच्याच कुळातली ही गाडी.

१८/ तर मग शिरगावकराने पिकअप निवडताना काय पाहावे? पहिला प्रश्न : ओझे कोणत्या दिशेने जाणार? मावळातील गुलाब, भाजी, तांदूळ घेऊन जाणारी गाडी मुंबईकडे भरलेली उतरते आणि रिकामी चढते. तिला अश्वशक्तीपेक्षा ब्रेकची चिंता अधिक. ३ टनांची गाडी ५५० मीटर उतरते, तेव्हा जी ऊर्जा जिरवावी लागते, तिने सुमारे ५० लिटर पाणी उकळता येईल. ही सारी उष्णता चार चाकांच्या ब्रेकांनी सोसायची, की काही भार इंजिनावर टाकायचा?

१९/ म्हणूनच जुने चालक सांगतात : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणे म्हणजे इंजिनाचा आधार काढून सारे ओझे ब्रेकवर टाकणे. ब्रेक तापतात, पकड सुटते आणि पुढे जे घडते त्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. १७७९ ला तोफा तळ्यात टाकून जीव वाचवण्याची निदान संधी तरी होती. उतारावर ब्रेक गेलेल्या चालकाला तीही नसते.

२०/ दुसरा प्रश्न पकडीचा. बहुतेक पिकअपची मागची चाके ओढतात. रिकामी गाडी पावसात मागून हलकी पडते आणि चाक जागच्या जागी फिरते. टायरची नक्षी झिजलेली असेल तर अधिकच. शेतातील चिखलवाटेसाठी चारही चाके ओढणारी गाडी उपयोगी. नुसत्या डांबरी घाटासाठी तिची किंमत आणि देखभाल बहुधा परवडत नाही. मागे ट्रेलर जोडायचा असेल, तर त्याला स्वतःचा ब्रेक हवा. मागून ढकलणारे ओझे, हा घाटातील सर्वांत जुना शत्रू आहे.

२१/ तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा. आरसी पुस्तकावर लिहिलेले एकूण वजन ही मर्यादा आहे. ते गाठण्याचे उद्दिष्ट नव्हे. रोजचे ओझे तिच्या बरेच आत बसेल अशी गाडी घ्यावी. जी गाडी रोज आपल्या ताकदीच्या टोकाला राबते, तिची क्लच प्लेट, पाटे आणि लायनर आधी बोलू लागतात. आणि मागच्या चार पावसाळ्यांत तीच गाडी चालवलेल्या शेजाऱ्याला विचारावे. दर्शनी दगड सर्वांचेच देखणे असतात.

२२/ बोरघाटाने बैल पाहिले, वाफ पाहिली, वीज पाहिली, डिझेल पाहिले. पुढे आणखी काही पाहील. विजेवर चालणारी पिकअप उतरताना वीज परत मिळवते, ती खेकड्याचीच युक्ती नव्या रूपात. साधने बदलली, तरी घाट ओढणाऱ्याला तेच विचारतो : ओझे घेऊन वर येशील हे दिसतेच आहे, सुखरूप खाली कसा जाणार, ते सांग. गाडीच्या दुकानात पाऊल टाकताना हा प्रश्न सोबत न्यावा.

#बोरघाट #मावळ #इतिहास