ग्रामपंचायतीला उभं राहायचंय? मग सगळेच अपक्ष

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनल कुणाचंही असो, कागदावर प्रत्येक उमेदवार अपक्षच. चिन्ह आयोगाच्या यादीतून मिळतं, त्यामुळे तिकिटासाठी कुणाचे उंबरे झिजवायला नकोत. वय २१ पूर्ण आणि त्याच गावच्या मतदार यादीत नाव पाहिजे. राखीव जागेला जात वैधतेचे कागद लागतात, ते आधीच मार्गी लावावेत.

खरी अडचण गावातच असते. "बिनविरोध करू, तू अर्ज मागे घे," असा निरोप येतो. देवळा तालुक्यातल्या उमराण्यात तर डिसेंबर २०२० मध्ये सरपंचपदाची बोलीच लागली. मंदिराच्या कामासाठी म्हणून ती २ कोटींच्या वर गेली. व्हिडिओ फिरला, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथली आख्खी निवडणूक रद्द केली. नंदुरबारच्या खोंडामळीचीही तीच गत झाली. समजुतीने बिनविरोध चालतं, पैशाची बोली नाही. माघारीच्या कागदावर सही करणं न करणं हे ज्याचा अर्ज त्याच्याच हातात.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, पडलेल्यालाही. "पडलो, आता कसला हिशोब?" म्हणून सोडून दिलं, तर ५ वर्षांपर्यंत अपात्र ठरवलं जाऊ शकतं.