यरुशलेमला निघण्याआधी

यात्रा म्हणजे काय हे कोल्हापूरच्या बाईला सांगायला नको. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या चढतात, आषाढीला दिंड्या पंढरपूरची वाट धरतात, नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नसते. निघायच्या आधी घरात काय चालतं तेही आपल्याला ठाऊक आहे. गळ्यात माळ आली की माणसाचं खाणं बदलतं, बोलणं बदलतं. कुणाशी अबोला असेल तर तो मोडावा लागतो. हरिपाठ पाठ नसेल तर दिंडीत मागं राहिल्यासारखं होतं.

आज आम्ही बोलणार आहोत ख्रिस्ती मंडळींच्या यात्रेबद्दल. अलीकडं चर्चमधून गट निघतात. इजिप्त, जॉर्डन, इस्राएल, असे आठ-दहा दिवस. माणशी खर्च लाखाच्या वर. पासपोर्ट, फोटो, गरम कपडे, औषधं, सगळ्याची यादी टूरवाला हातात देतो. मनाची तयारी कशी करायची, ती यादी मात्र कुणी देत नाही. आणि आमच्या गटात पहिला प्रश्न आला तो असा, की ज्या जाणार नाहीत, ज्यांच्याकडं तेवढे पैसे कधी येणारच नाहीत, त्यांनी या तयारीत बसायचं की नाही? उत्तर शोधायला आम्ही जुन्या काळात शिरलो.

यादी का नाही, त्यालाही आपल्या भागात कारण आहे. रॉयल वायल्डर आणि त्यांची पत्नी एलायझा हे अमेरिकन मिशनरी जोडपं 1852 साली कोल्हापुरात आलं. शाळा निघाल्या, मुलींसाठीही निघाल्या. 1870 मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च, पन्हाळा तालुक्यातलं कोडोलीचं काम, ही सगळी त्याच झाडाची फांदी. हे लोक प्रॉटेस्टंट. एखाद्या जागी जाऊन आल्यानं पुण्य पदरी पडतं, हे त्यांच्या शिकवणीत बसत नव्हतं. म्हणून आपल्या जुन्या मंडळ्यांत तीर्थयात्रेची रीतच पडली नाही. प्रार्थना होती, गायन होतं, घरोघर फिरून वाचायला शिकवणाऱ्या आणि येशूच्या गोष्टी सांगणाऱ्या बायबल-बायका होत्या. यात्रेची तयारी मात्र नव्हती. आता विमानं आली, गट निघाले, आणि आजीकडून नातीला मिळालेलं असं काही हाताशी नाही.

तर मग आधी खुद्द मरीयेकडंच जाऊ. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात लिहिलंय, की योसेफ आणि मरीया दरवर्षी वल्हांडण सणाला यरुशलेमला जात. नासरेथ ते यरुशलेम म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चाल, आणि शेवटी चढ. नियमशास्त्रात वर्षातून तीनदा देवासमोर हजर राहायची आज्ञा होती, ती पुरुषांना. बाईवर सक्ती नव्हती. तरी मरीया जायची. नातेवाईक, ओळखीपाळखीचे सगळे मिळून, आपली दिंडीच म्हणा. म्हणूनच तर बारा वर्षांचा येशू मागं राहिला ते दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नाही. असेल पुढं पोरांच्या घोळक्यात, असंच वाटलं असणार. जत्रेत पोर चुकवलेल्या आईला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ही माणसं चालताना काय म्हणत असतील? स्तोत्रसंहितेत 120 ते 134 अशी पंधरा स्तोत्रं आहेत, त्यांच्या माथ्यावर ‘आरोहण स्तोत्र’ असं असतं. आरोहण म्हणजे वर चढणं. यरुशलेम डोंगरावर आहे, यात्रेकरू वर चढत, आणि ही गाणी त्या चढणीची मानली जातात. बहुतेक लहान लहान आहेत, चालता चालता तोंडात बसतील अशी. पहिल्या स्तोत्राचा विषय काय, तर खोटं बोलणाऱ्या, भांडखोर लोकांत राहून जीव विटल्याचा. देवळाचं वर्णन नाही, सणाचा आनंद नाही. यात्रा सुरू होते ती घरच्या कटकटीपासून. आम्हाला हे फार खरं वाटलं.

आणि वर पोचल्यावरही थेट सणात शिरायचं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात आहे, की बरेच लोक सणाआधीच यरुशलेमला जात, स्वतःला शुद्ध करून घ्यायला. म्हणजे तयारीला वेगळा वेळ राखलेला होता.

आता तीनशेहून जास्त वर्षं पुढं या. इसवी सन 381 ते 384 या काळात एगेरिया नावाची एक बाई पश्चिम युरोपच्या टोकाकडून निघून यरुशलेम, सीनाय, इजिप्त असं सगळं फिरली. आपल्या गावाकडच्या धर्मभगिनींना तिनं पत्रं लिहिली. त्या लिखाणाची एक अर्धवट प्रत 1884 साली इटलीतल्या एका जुन्या संग्रहात सापडली, म्हणून आज आपल्याला तिचं नाव कळतं. प्रत्येक जागी तिची रीत ठरलेली. आधी प्रार्थना, मग त्या जागेचा बायबलमधला उतारा वाचायचा, मग एक स्तोत्र, मग पुन्हा प्रार्थना. सीनाय डोंगर इतका उभा, की जनावरावर बसून चढता येईना. ती पायी चढली.

आम्हाला तिच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग वाटला तो यरुशलेममधल्या तयारीचा. बाप्तिस्मा घेणाऱ्या लोकांना ईस्टरआधी सात आठवडे रोज सकाळी तीन तास बसवून बिशप पवित्र शास्त्र समजावून सांगत. बायाही बसत, पुरुषही बसत. बिशप बोलत ग्रीक भाषेत. पण जमलेल्यांत सिरियाक बोलणारे असत, त्यांच्यासाठी शेजारी एक धर्मगुरू उभा राहून ते सिरियाकमध्ये सांगे. लॅटिनवाल्यांनाही कुणीतरी उलगडून सांगे. खुद्द यरुशलेममध्ये, जिथं सगळं घडलं तिथं, नुसती जागा बघून भागत नव्हतं. आपल्या बोलीत कळायला लागत होतं.

एगेरियेच्या मागोमागच पौला आली. रोमची श्रीमंत विधवा, मोठ्या घराण्यातली. 385 साली ती मुलगी युस्टोखियम हिला घेऊन निघाली आणि सगळी ठिकाणं बघून बेथलेहेमला राहिली. तिथं तिनं मठ बांधले, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. विद्वान जेरोम तिथंच बायबलचं लॅटिन भाषांतर करत होते. त्यांच्यासोबत पौला हिब्रू शिकली, एवढी की स्तोत्रं मूळ भाषेत म्हणायची. जेरोमनी कित्येक पुस्तकं या मायलेकींच्या नावानं अर्पण केली आहेत.

पण तिच्या गोष्टीत दोन काटे आहेत, आणि ते आम्ही झाकणार नाही. पौला जहाजात बसली तेव्हा तिचा लहान मुलगा धक्क्यावर हात पसरून रडत होता. जेरोमनी हे कौतुकानं लिहिलंय, की देवावरच्या प्रेमापुढं तिनं आईपण बाजूला ठेवलं. आमच्या गटात हे वाचलं तेव्हा कुणी कौतुक केलं नाही. त्या पोराला विचारा, असंच सगळ्यांचं म्हणणं पडलं. दुसरी गोष्ट म्हणजे दानधर्म करता करता पौलानं इतकं कर्ज केलं, की 404 साली ती गेल्यावर ते लेकीला फेडत बसावं लागलं. बचत गटाच्या बायकांनी हे ऐकून काय म्हटलं असेल ते तुम्ही ओळखा. येशूनंच सांगितलं आहे, वेदीवर दान ठेवायला आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मत्तयचा पाचवा अध्याय. आम्ही त्याचा अर्थ असाही घेतो, की उसने घेतलेले पैसे, जावेशी धरलेला अबोला, सुनेला बोललेला शब्द, हे सगळं विमानतळाच्या आधी येतं.

याच जेरोमनी बेथलेहेममध्ये बसून एका मित्राला लिहिलं होतं, की स्वर्गाचं दार यरुशलेमहून जेवढं जवळ आहे तेवढंच दूरच्या ब्रिटनहूनही आहे. म्हणजे न येणाऱ्यानं हळहळू नये.

न जाणाऱ्यांची वाट पुढं लोकांनी खरोखर बांधलीसुद्धा. फ्रान्सिस्कन साधूंकडं 1342 पासून पवित्र भूमीतल्या ठिकाणांची देखभाल आली. येशू क्रूस घेऊन ज्या रस्त्यानं गेला असं मानतात, त्या रस्त्यावरून यात्रेकरू चालत. ज्यांना तिथं जाणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी साधूंनी तीच वाट युरोपातल्या गावागावांतल्या चर्चमध्ये आणली, भिंतीवर चित्रं लावून. 1731 मध्ये पोपनी चौदा स्थानं कायम केली. आपल्याकडं आजरा, गडहिंग्लज भागातल्या कॅथलिक बायका उपवासकाळातल्या शुक्रवारी ‘क्रूसाची वाट’ करतात, ती हीच. पासपोर्ट नसलेल्यांची यरुशलेम यात्रा!

आणि शब्दांचं काय? तेही आपल्याकडं आले. गोव्यात 1579 साली आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. गावोगाव चर्चमध्ये ते मोठ्यानं वाचलं जाई, आणि वाचता न येणाऱ्या बायका ऐकून ऐकून गालीलचं तळं, बेथलेहेमचा गोठा ओळखायला लागल्या.

पण मराठी बाईची खरी तयारी केली ती पंडिता रमाबाईंनी. आणि रमाबाईंइतकी यात्रा कुणी केली असेल? जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थी फिरत, देवळात पुराण सांगत. पहाटे आई लक्ष्मीबाई लेकीला संस्कृत पाठ करून घेत. बाराव्या वर्षी रमेला भागवताचे अठरा हजार श्लोक तोंडपाठ होते. मग दुष्काळ आला. आईवडील उपासमारीत गेले, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल अनवाणी चालले, भिजले, उपाशी झोपले. जवळ होतं ते सगळं तीर्थांवर आणि दानात संपलं होतं. यात्रेनं माणसाचं काय होऊ शकतं, हे त्यांनी अंगावर सोसलं.

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या पोरींना आणून वाढवलं. या मुलींच्या हाती बायबल दिलं तर त्यांना ते कळेना. मराठी भाषांतर होतं, श्रीरामपूरच्या विल्यम केरींनी नवा करार 1811 मध्येच छापला होता, पुढं सुधारणाही झाल्या होत्या. पण भाषा संस्कृत शब्दांनी जड. ज्या बाईला स्वतःला संस्कृत मुखोद्गत, तिनंच ठरवलं की खेड्यातल्या पोरीला कळेल असं बायबल हवं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. सुमारे अठरा वर्षं काम चाललं. टाइप जुळवणं, छापणं, बांधणी, हे मुक्तीतल्या बायकामुलींनी केलं. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, त्याच्या थोडं आधी त्यांनी शेवटचं हातावेगळं केलं होतं. 1924 ला संपूर्ण बायबल छापून आलं. पौला बेथलेहेमला गेली आणि हिब्रू शिकली. रमाबाई केडगावात बसून शिकल्या. दोघींत मोठी कोण, यावर आमच्यात अजून एकमत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणींचा कौल केडगावला आहे.

आता जाणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट. तुमचं विमान जिथं उतरतं तो बेन गुरियन विमानतळ लोद नावाच्या शहराला लागून आहे. त्या लोदमध्ये मराठी बोलणारी माणसं राहतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना रायगडकडं ‘शनिवार तेली’ म्हणत, 1948 नंतर मोठ्या संख्येनं तिकडं गेले. लोद, रामला, दिमोना, अश्दोद, बेरशेबा. ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिक त्यांनी तिकडं चालवलं. मलिदाचा विधी, पोहे-नारळ सगळं नेलं. गटातल्या बायका परतल्यावर तिथले दगड, पायऱ्या, चर्च सांगतात. माणसं कमी सांगतात. बेथलेहेममध्ये अरबी बोलणारे ख्रिस्ती आहेत, ऑलिव्हच्या लाकडाच्या मूर्ती कोरून पोट भरतात, ते यात्रेकरूंच्या जिवावर. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध पेटलं, गट थांबले, आणि 2023 व 2024 च्या नाताळात बेथलेहेमनं जाहीर उत्सव केला नाही. ज्यांच्या गावी आपण जाणार त्यांच्यासाठी निघायच्या आधीपासून प्रार्थना नको का? तिथल्या ज्यू घरासाठी, तिथल्या अरब घरासाठी, दोन्हींसाठी.

आम्ही ठरवलं ते असं. पंधरा आरोहण स्तोत्रं, आठवड्याला एक, पाठ करायची. वाचता न येणारीला शेजारणीनं ऐकवायचं. लूकचं शुभवर्तमान चोवीस अध्यायांचं आहे, ते मिळून मोठ्यानं वाचायचं, आणि नकाशावर गाव दाखवायचं. समेटाचं ज्याचं त्यानं बघायचं, त्याचा हिशेब गटात मागायचा नाही. यात्रेसाठी गटातून कर्ज द्यायचं नाही, यावर थोडी वादावादी झाली, पण ठराव झाला. जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या, दोघी एकाच सतरंजीवर बसतात. गेल्या आठवड्यात एकशे एकविसावं स्तोत्र झालं, डोंगराकडं डोळे लावून बसलेल्या माणसाचं. ते म्हणताना बऱ्याच जणींची नजर खिडकीतून पन्हाळ्याकडं गेली.