अंधारातले तर्क

दिवे गेले म्हणजे मनुष्य प्रथम खिडकीपाशी जातो आणि शेजारच्या घरात उजेड आहे की नाही, ते पाहतो. शेजारीही अंधार असला तर त्याला काहीसे समाधान वाटते. दोष आपल्या घरच्या फ्यूजचा नव्हे, एवढे तरी निश्चित होते. परंतु अंधार आळीपुरता नाही, गावापुरता नाही, चार राज्यांत पसरला आहे, असे कळले की समाधानाची जागा भीती घेते आणि भीतीच्या पाठोपाठ तर्क येतो. काय झाले, हे विचारण्याआधीच हे कोणी केले, असे मन विचारू लागते. मोठ्या अंधारांचे वृत्तांत चाळताना आम्हांला असे दिसून आले की, प्रत्येक अंधाराचे दोन इतिहास असतात. एक त्याच्या कारणाचा आणि दुसरा त्याविषयी लोकांनी केलेल्या तर्कांचा. पहिला बहुधा चौकशी समितीच्या अहवालात पडून राहतो. दुसरा मात्र लोकांच्या स्मरणात घर करतो.

या विषयाचा आरंभ परदेशातील एका सुप्रसिद्ध घटनेपासून करणे सोयीचे होईल. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी सायंकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात प्रारंभ झालेल्या बिघाडाने थोड्याच मिनिटांत न्यूयॉर्क, बॉस्टन, टोरांटो अशी महानगरे अंधारात बुडविली. सुमारे तीन कोटी लोकांना त्याची झळ लागली आणि कित्येक ठिकाणी वीज परत येण्यास तेरा तास लागले. क्यूबाच्या पेचप्रसंगाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. साहजिकच घातपाताचा संशय अनेकांच्या मनात आला. दुसऱ्या काहींना आकाशात तेजाचे गोळे दिसले होते. त्यांनी उडत्या तबकड्यांचा संबंध जोडला. हा तर्क केवळ बाजारगप्पांपुरता राहिला नाही. १९६८ साली अमेरिकन लोकप्रतिनिधिगृहाच्या एका समितीपुढे जेम्स मॅकडोनल्ड या वातावरणशास्त्रज्ञाने वीज जाणे आणि तबकड्या दिसणे यांच्या संबंधाचा विचार व्हावा, असे मत मांडले.

खरे कारण सापडावयास सहा दिवस लागले, आणि सापडले ते इतके क्षुल्लक होते की पुष्कळांची निराशाच झाली असेल. नायगाराजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रातून टोरांटोकडे जाणाऱ्या पाच वाहिन्यांपैकी एकीवरील संरक्षक रिलेने ती वाहिनी तोडली. ठराविक मर्यादेबाहेर भार गेला तर वाहिनी बंद करणे, हेच त्या रिलेचे काम होते आणि ते त्याने चोख केले. मात्र ही मर्यादा १९६३ साली ठरविलेली होती. दोन वर्षांत विजेची मागणी वाढली, वाहिनीवरचा नित्याचा भार त्या मर्यादेपाशी येऊन ठेपला, पण मर्यादेचा आकडा होता तेथेच राहिला. एक वाहिनी तुटताच तिचा भार उरलेल्या चारांवर पडला, त्याही तुटल्या, आणि मार्ग न उरलेली सारी वीज दक्षिणेकडे न्यूयॉर्क राज्यात लोटली. तेथील जाळ्याला तो लोंढा पेलला नाही. एवढ्या मोठ्या अंधारामागे शत्रू नव्हता आणि तबकडीही नव्हती. कोणी पुन्हा तपासून न पाहिलेला एक आकडा तेवढा होता.

तर्कांचे आयुष्य कारणापेक्षा किती दीर्घ असते, याचाही दाखला याच घटनेत मिळतो. त्या रात्रीनंतर नऊ महिन्यांनी न्यूयॉर्कच्या इस्पितळांत जन्मांची गर्दी झाली, अशी वार्ता १९६६ च्या ऑगस्टमध्ये वृत्तपत्रांत झळकली. १९७० साली रिचर्ड उड्री या समाजशास्त्रज्ञाने जन्मांचे आकडे तपासून अशी काही वाढ झालीच नव्हती, असे दाखवून दिले. तरीही ही गोष्ट अद्याप मोठ्या खुशीने सांगितली जाते.

आता आपल्या देशाकडे वळू. ३० जुलै २०१२ रोजी रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर विभागाचे वीजजाळे कोसळले. दिवसभर खटपट करून ते उभे करण्यात आले. आणि दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै रोजी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी एकदम कोसळली. शेकडो आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, बंगाल व झारखंडमधील कोळशाच्या खाणींत कामगार काही तास अडकून पडले. ज्या प्रदेशावर हे संकट आले त्याची लोकसंख्या साठ कोटींहून अधिक होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार बिहारमध्ये शंभरांतील सुमारे सोळा घरांतच दिव्यासाठी वीज वापरली जात होती. उरलेल्या घरांत त्या दिवशी काही गेले नाही. कारण जावयास तेथे काही नव्हतेच. जगातील सर्वांत मोठा अंधार म्हणून ज्याची नोंद झाली, त्याच्या हिशेबात नित्याच्या अंधारात राहणारे हे लोकही धरले गेले.

या वेळी तर्काला शत्रू शोधावयास परदेशी जावे लागले नाही. पाऊस लांबला होता, शेतीपंप चालू होते, आणि आपल्या वाट्यापेक्षा अधिक वीज ओढणारी राज्ये म्हणून उत्तर प्रदेश, हरियाणा आणि पंजाब यांची नावे पहिल्याच दिवशी पुढे आली. राज्यांकडून आरोपाचा इन्कार झाला. कोणी संगणकीय हल्ल्याचीही शंका घेतली. त्या वेळचे केंद्रीय ऊर्जामंत्री सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत देऊन तीन तज्ज्ञांची समिती नेमली. आणि दुसरा अंधार पसरला त्याच ३१ तारखेस त्यांच्याकडे गृहखाते सोपविण्यात आले.

समितीचा अहवाल ऑगस्टच्या मध्यास आला. हल्ल्याची शंका त्याने निःसंदिग्धपणे फेटाळली. अधिक वीज ओढल्याची गोष्ट त्याने नाकारली नाही. परंतु तिच्यावरच सारा भार टाकला नाही. केवळ मागणीमुळे जाळे कोसळावयाचे तर आधी त्याची वारंवारिता पुष्कळ खाली यावयास हवी होती. प्रत्यक्षात ती पहिल्या रात्री ४९.६८ आणि दुसऱ्या दिवशी ४९.८४ हर्ट्झ, म्हणजे पन्नासच्या नित्य आकड्याजवळच होती. मग घडले काय? पश्चिमेकडून उत्तरेस वीज नेणाऱ्या अनेक वाहिन्या त्या सुमारास निरनिराळ्या कारणांनी बंद होत्या. मध्य प्रदेशातील बीना ते ग्वाल्हेर या मार्गावरील दोन वाहिन्यांपैकी एक अधिक दाबाची करण्याच्या कामासाठी बंद ठेवलेली होती. उरलेल्या एकीवर भार साचत गेला. तिच्या रक्षणासाठी बसविलेला रिले दाब आणि प्रवाह यांच्या प्रमाणावरून दूर कोठे दोष उत्पन्न झाला आहे काय, हे ओळखतो. भार फार वाढून दाब उतरला म्हणजे त्याला दूरवरच्या दोषाचा भास होतो. तसेच झाले. वाहिनीवर दोष नसताना रिलेने ती तोडली. पश्चिमेची वीज मग पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेस धावू लागली, त्या वाटाही तुटल्या, आणि सुमारे ५,८०० मेगावॉटची आवक एकाएकी थांबलेले उत्तरेचे जाळे खाली बसले.

दुसऱ्या दिवशी काय झाले? पुन्हा तीच बीना-ग्वाल्हेर वाहिनी, पुन्हा तोच रिले, आणि पुन्हा तोच भास. अपराधी कोणते राज्य, यावर देशात वाद चालू असता दोर मात्र कालच्याच जागी तुटला. या एका गोष्टीत या साऱ्या इतिहासाचे सार आहे, असे आम्हांला वाटते. चुकीचा तर्क नुसता ऐकावयास मनोरंजक असता तर त्याला कोणाची हरकत नव्हती. परंतु तो लोकांचे लक्ष जेथे न्यावयाचे तेथे न नेता दुसरीकडे नेतो, आणि तेवढ्या अवकाशात खरे कारण आपले काम पुन्हा करून जाते.

अहवालातील आणखी एक कलम मराठी वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावे असे आहे. पश्चिम विभागाचे जाळे दोन्ही दिवस उभे राहिले. महाराष्ट्रात आणि गुजराथेत दिवे जळत होते. उत्तरेच्या बेशिस्तीची पश्चिमेच्या व्यवस्थेशी तुलना करण्याचा मोह अशा वेळी कोणाला होणार नाही? परंतु अहवाल म्हणतो त्याचा आशय असा की, उत्तरेच्या राज्यांनी ओढ कमी करावी, तशीच पश्चिमेच्या मंडळांनीही आपली शिल्लक वीज जाळ्यात लोटणे कमी करावे, अशा सूचना दिल्या गेल्या होत्या. आणि दोन्हीकडून त्यांचे पुरेसे पालन झाले नाही. म्हणजे त्या एकाकी वाहिनीला एकीकडून ओढले जात होते आणि दुसरीकडून ढकलले जात होते. ओढणाऱ्याच्या घरी अंधार झाला म्हणून तो अपराधी ठरला. ढकलणाऱ्याच्या घरी उजेड राहिला म्हणून त्याचे नाव कोणी घेतले नाही.

पुढे आठ वर्षांनी मुंबईवरच पाळी आली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईत वीज गेली. लोकल गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. मुंबईला बाह्य जाळ्यापासून वेगळी करून उजेडात ठेवण्याची योजना होती. तीही त्या दिवशी उपयोगी पडली नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात चीनशी रक्तपात झाला होता. राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखविली. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर एका अमेरिकन वृत्तपत्राने चिनी संगणकीय घुसखोरीचे वृत्त दिले. मात्र ज्या संस्थेच्या अभ्यासावर ते आधारले होते तिने मुंबईच्या अंधाराशी असलेला संबंध सिद्ध झालेला नाही, असे स्वतःच नमूद केले होते. राज्याच्या गृहमंत्र्यांनी घुसखोरीचा अहवाल पुढे ठेवला. केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी ही मानवी चूक आहे असे सांगितले. ज्याला जे सरकार जवळचे, त्याने ते कारण उचलले. या वादात पडघे-कळवे मार्गावरील एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती आणि तिचा भार दुसरीवर होता, ही साधी गोष्ट मागे पडली. बीना-ग्वाल्हेरची आठवण ठेवणाऱ्याला ती ओळखीची वाटली असती.

यावरून घातपात कधी होतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. २०१५ च्या डिसेंबरात युक्रेनमध्ये संगणकात शिरून वीज तोडण्यात आली, हे सिद्ध आहे. तेव्हा शंका घेणे वावगे नव्हे. शंकेलाच निर्णय मानणे वावगे. पानिपतच्या कारणांचा विचार आपण अडीचशे वर्षे करीत आलो आहो. कोणी भाऊसाहेबांच्या मानीपणाला दोष देतो, कोणी होळकरांच्या निघून जाण्याला. एका माणसाच्या नावाने हाक मारता आली की मनाला हलके वाटते. तुटलेली रसद, लांबलेली वाट आणि उपाशी फौज यांना मात्र तशी हाक मारता येत नाही.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण दूरच्या प्रांतांत सरकारी कामाची धुरा वाहत आहेत. अंधार पडला की लोक त्यांच्याच कार्यालयाकडे पाहतात. अशा वेळी जे ठाऊक आहे ते लगेच सांगावे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असेही सांगावे. कार्यालय गप्प बसले तर त्याच्या वतीने अफवा बोलू लागते. तितकेच महत्त्वाचे काम उजेडाच्या दिवसांत करावयाचे असते. नायगाराचा तो आकडा ठरविला गेला त्या दिवशी चुकीचा नव्हता; भोवतालचे बदलले आणि तो तसाच राहिला. अशा किती मर्यादा, किती तात्पुरत्या सोयी आपल्या फाइलींत वर्षानुवर्षे पूर्वीच्याच सहीनिशी पडून असतील? दिवे जळत आहेत तोवर त्या काढून पुन्हा एकदा वाचून पाहणे बरे.